हत्ती दिसला की मोबाईल घेऊन धावू नका
आपल्या नागपुरात जंगल म्हटलं की ताडोबा, पेंच आणि वाघ, एवढंच. पण ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडमधून जंगली हत्तींचा कळप गडचिरोलीत आला, पुढे गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत फिरला, त्यावर इथे फारसं कोणी बोलतच नाही.

आमच्या मामांचं गाव गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे आहे, कळप येऊन गेल्यावर तिथल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मी पाहिली. परातीएवढे पायाचे खड्डे, त्यात पाणी साचलेलं, आणि धानाच्या उपटलेल्या पेंढ्या ज्यांच्या मुळाला माती जवळजवळ नाहीच, कारण हत्ती सोंडेने उपटतो, पायावर आपटून माती झटकतो आणि मगच तोंडात टाकतो. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, मग कापणीनंतर रचलेले पुंजणे त्याला दिसले तर तो सोडेल कसा? घराची भिंत पाडतो ती पण रागाने नाही, आत ठेवलेल्या धानाचा, मोहफुलांचा वास त्याला लांबून येतो म्हणून.

कळपाची म्होरकी म्हातारी हत्तीण असते, पाणी कुठे, वाट कुठली, हे तिला पाठ असतं आणि बाकीच्या तिच्याच मागे चालतात, पिल्लं मध्ये घेऊन. आता विचार करा, अशा कळपाच्या मागे रात्री शंभर-दोनशे पोरं टॉर्च, फटाके, मोबाईल घेऊन धावली तर काय होणार. कळप फुटतो, पिल्लू मागे राहतं, आई उलटून अंगावर येते, आणि एकटा पडलेला हत्ती भलत्याच गावात शिरतो. मला या गोष्टीचा खरंच खूप त्रास होतो कारण जीव जातो तो माणसाचा पण आणि हत्तीचा पण, आणि व्हिडिओ मात्र आपण सगळे फॉरवर्ड करतो.

तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांमध्ये हत्ती कुठे आहेत ते लोकांना एसएमएसने आधीच कळवतात, ठरलेल्या जागी लाल दिवे लावलेत, दिवा पेटला की लोक त्या वाटेला जात नाहीत, आणि माणसं मरायचं प्रमाण तिथे कमी झालं. आपल्याकडे प्रत्येक गावात हे व्हायला पाहिजे, संध्याकाळीच कळलं पाहिजे की आज कळप कुठल्या बाजूला आहे. आणि ज्याचा पुंजणा गेला त्याचा पंचनामा लगेच होऊन पैसे हातात पडले पाहिजेत, नाहीतर त्या शेतकऱ्याला हत्ती वाचवा म्हणून आपण नागपुरात बसून कोणत्या तोंडाने सांगणार?