बोरीची राख बघायला निघालात? जरा थांबा

'१४ लाख वर्षांपूर्वीची मानवी वस्ती, पुण्यापासून फक्त दोन तास' असा जुन्नरकडच्या बोरी बुद्रुकचा व्हिडिओ बघून मी आणि मेव्हणा निघालो. तिथे नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा जुना थर आहे आणि त्याच्याशी लागून दगडी हत्यारं मिळाली आहेत. दोन तास ही थाप. वस्ती हीसुद्धा थापच. १४ लाखांचं खाली सांगतो.

वाकडेवाडीहून नाशिकची एसटी, आळेफाट्याला उतरलो. तिथून बोरी बुद्रुकचे रिक्षावाल्याने ४०० घेतले, 'राखेपर्यंत सोडतो' म्हणाला आणि गावाच्या तोंडाशीच उतरवून पसार झाला. येताना टमटममध्ये माणशी ३० रुपये पडले. मेव्हणा तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलतोय.

आता ती घळ. कुकडीच्या काठाला पावसाने कापलेल्या घळी आहेत आणि राखेचा थर तिथे उघडा पडलाय. पारावरचे एक आजोबा म्हणाले, "हे काय, दोनशे पावलं." असतील, त्यांची. आम्हाला पाऊण तास लागला. वर काळी माती, आदल्या रात्रीच्या सरीने लोण्यासारखी झालेली. बुटाला दोन-दोन किलोचा लगदा. धरायला जावं तर वेडी बाभूळ. मध्ये पुरुषभर उंचीची उभी उतरण आहे, ती मी बसून घसरत उतरलो, पँट तिथेच संपली. पाऊस पडून गेला असेल तर चार दिवस इकडे फिरकू नका. नदीला आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सोडलंय का तेही गावात विचारून घ्या.

राख मात्र खरी. पांढुरकी, हाताला मैद्यासारखी; चिमटीत चोळली की राखुंडीसारखी कचकचते, कारण ती म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचे बारीक कण. दख्खनच्या ज्वालामुखींशी तिचा संबंध नाही, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले. ही राख बाहेरून आली, वाऱ्याने पडली आणि नदीने गोळा केली.

वांधा इथेच आहे. ऐंशीच्या दशकात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथे उत्खनन केलं, राखेशी लागून असलेल्या गोट्यांच्या थरांत बेसॉल्टची अश्यूलियन, म्हणजे अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडींच्या घडणीची, हत्यारं मिळाली. राखेचं वय आधी १४ लाख निघालं, मग दुसऱ्या पद्धतीने पावणेसात लाखांच्या आसपास, आणि दुसरा गट सांगतो की ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख, म्हणजे जेमतेम ७४ हजार वर्षं. नदीने वाहून आणलेल्या राखेवरून शेजारच्या हत्यारांचं वय काढावं का, हा आणखी वेगळा तंटा. व्हिडिओवाल्याने त्यातला सगळ्यात मोठा आकडा उचलला.

'उत्खनन बघायला' जाणाऱ्यांनी जाऊच नये. आम्हाला चर, शेड, दोरीचे चौकोन यातलं काही दिसलं नाही. घळीच्या भिंतीत एक पांढरा पट्टा, बस्स. ज्याला थर वाचता येतात त्याने जावं, नाहीतर दोन तास चिखल तुडवून भिंत बघून याल. मला घळीत एक दगड मिळाला, दोन्ही बाजूंनी छिलके काढल्यासारखा; क्षणभर छाती धडधडली. तासाभराने तसे अकरा सापडले, तेव्हा उत्साह मावळला. नदीचा गोटाही फुटतो तेव्हा असाच फुटतो. खरी हातकुऱ्हाड आधी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात नीट बघून घ्या, धार कशी समोरासमोरून काढतात ते डोळ्यांत बसवा, मगच इकडे या. आम्ही उलटं केलं. आणि काही सापडलंच तर जागेवरच राहू द्या. थरातून उपटलेल्या दगडाला काडीची किंमत नाही.

दुपारी चारच्या आत बाहेर पडा. हा जुन्नरचा ऊस आहे, बिबट्याला पुरावा लागत नाही. आम्ही साडेपाचला बांधावरून येताना एका ताईंनी अक्षरशः शिव्या घालून ट्रॅक्टरवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी नेवासा: तिथलं अश्मयुगीन हत्यारांचं ठिकाण चिरकीचा नाला, आणि ज्ञानेश्वरांचा पैस खांब. सगळं व्यवस्थित झालं.

पाणी माणशी तीन लिटर. जुनी पँट.