आजाची औषधं मी लिहून का काढत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. एरवी लग्नात, एसटीत, ऑफिसात हसून टाळतो. "तुमचा आजा भगत होता ना? मग त्याचा झाडपाला लिहून काढा की, नाहीतर त्याच्याबरोबर जाईल सगळं." आजा जाऊन बरीच वर्षं झाली.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. केरळातल्या काणी आदिवासींचं बघा म्हणायचो. त्यांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, तिचं 'जीवनी' नावाचं औषध झालं, ते बनवायच्या परवान्याच्या 10 लाखांत आणि रॉयल्टीत निम्मा वाटा त्यांना ठरला, तरी त्यांच्यात फाटाफूट झालीच. आमच्या जव्हारात कोण वाटा द्यायला बसलंय? 2023 साली तर जैवविविधता कायदाच बदलला, ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानावर वाटा नाही. खोटं नव्हतं ते. पण माझं कारण ते नव्हतं.

आवणीचे दिवस, मी बारावीत. पहाटे तीनला शेजारच्या पाड्यावरून एका पोराला पाठीवर घालून आणलं. पोट धरून कळवळत होता. अंगावर खूण नाही, सूज नाही. आजाने पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "साल उगाळ." कुड्याची साल मीच उगाळली. पांढऱ्या कुड्याची, काळ्याची नव्हे. तेवढं मला ओळखता यायचं आणि त्याची घमेंडही होती. आवेवर ती आजही देतात, मेडिकलमधल्या कुटजारिष्टात तीच असते. पोराने दोन घोट घेतले, तिसरा नाकातून आला. उजाडताना पापण्या मिटायला लागल्या. "उतार पडला, झोप लागतेय," असं मी म्हणालो. आजा नाही, मी.

मण्यार होती. भुईवर निजलेल्याला झोपेत चावते, कळतही नाही. मग पोट दुखतं. जीप मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबला होता.

त्यानंतर पावसाळ्यात कुणी पोट धरून आलं की आजा आधी त्याला वर बघायला लावायचा. पापणी जड वाटली तर साल नाही, काही नाही, आधी जीप बघा.

तर वहीत काय लिहू? 'पोटदुखी : कुडा'? धाकटी बहीण नर्स आहे. ती म्हणते, पापणीचंही लिही, त्यात काय एवढं. तिचं बरोबर असेल. मला तो तिसरा घोट आठवतो आणि पेन खाली ठेवतो.

आणि एवढं सांगूनही आजा बाळंतिणीला कसली मुळी द्यायचा ते मी सांगणार नाही. का, ते मलाही धड सांगता येत नाही. पुन्हा विचारू नका.