तुम्ही विचारलंत म्हणून: वकिलाला मध्यस्थी वेगळी का शिकावी लागते?

"इतकी वर्षं कोर्टात उभ्या राहता, मग भांडण मिटवायला ट्रेनिंग कशाला?" हे मला पक्षकार विचारतात, नातेवाईक विचारतात, बार रूममधली (कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतली) नवी मुलंही विचारतात.

कारण वकिलीत जे अंगात मुरतं, तेच मध्यस्थीत आडवं येतं. पक्षकार बोलायला लागला की आमच्या डोक्यात दावा तयार होतो: मुदतीत आहे का, कागद काय, साक्षीला कोण. मध्यस्थाला निकाल द्यायचा नसतो, कोण बरोबर हेही सांगायचं नसतं. सुप्रीम कोर्टाच्या मध्यस्थी समितीचा अभ्यासक्रम 40 तासांचा आहे. त्यातला बराचसा वेळ, माझ्या मते, ही सवय मोडण्यातच जातो.

आमच्याकडून नाटक बसवल्यासारखे सराव करून घेतले. एकात दोन भाऊ, सामाईक बांध. थोरला ओरडतो, "यानं बांध कोरला, चोर आहे हा!" मध्यस्थाने हे वाक्य परत मांडायचं, पण त्यातला डंख काढून: "हद्द एकदाची पक्की व्हावी, पुन्हा कुणी ती हलवू नये, असं तुम्हाला वाटतंय ना?" ऐकायला सोपं वाटतं. पण इथे एक शब्द जरी धाकट्याला टोचला, तर तो उठून जातो. आणि थोरल्याचं म्हणणं फारच गुळमुळीत केलं, तर त्याला वाटतं की आपलं ऐकलंच नाही. मग "मोजणी आणली तर मान्य कराल का?" इथवर गाडी येते. कधी कधी त्याही पुढे कळतं की राग बांधाचा नाहीच, आईच्या आजारपणात कुणी किती केलं याचा आहे. दाव्याच्या अर्जात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसरी मोठी गोष्ट गुप्ततेची. मध्यस्थ प्रत्येक पक्षाशी एकटं बोलतो आणि तिथलं बोलणं परवानगीशिवाय पलीकडे नेत नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्यातही गुप्ततेची तरतूद आहे. न्यायाधीशांनासुद्धा आत काय घडलं ते कळवायचं नाही. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या 2010 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की मध्यस्थी फसली तर तेवढंच कळवा, कारणं लिहू नका. एवढी खात्री असते म्हणून माणसं मोकळी होतात.

ही एकांतातली बैठक मला फार मोलाची वाटते. नवऱ्यासमोर प्रत्येक अटीला मान डोलावणारी बाई एकटी असताना सांगते, "घरी गेल्यावर काय होईल त्याची भीती वाटते." अशा वेळी तडजोड पुढे रेटणं हा अन्याय आहे. ते प्रकरण कोर्टाकडे परत गेलेलंच बरं. मिटलेल्या प्रकरणांचे आकडे वाढवायचे म्हणून कुणी सह्या घेऊ नयेत, असं मी प्रत्येक नव्या मध्यस्थाला कळकळीने सांगते.

40 तास संपले की लगेच मान्यता मिळते असंही नाही. त्यानंतर खरी प्रकरणं हाताळावी लागतात, सुरुवातीला अनुभवी मध्यस्थाच्या सोबतीने. बारमधल्या ज्यांना यायचंय त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पुढच्या बॅचची चौकशी करावी. आणि त्या दिवसांत कोर्टातल्या तारखा घेऊ नयेत, मधूनच उठून जाऊन हे शिकता येत नाही.