आत्या, मोबाईल राहू दे, विजेच्या लांब वायरी बघ

फॅमिली ग्रुपवर आत्याने परत तो मेसेज टाकला. आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल उशाशी ठेवू नका, सूर्यावरून घातक किरण येणारेत, सगळ्यांना कळवा. मी लिहिलं, आत्या, सौर वादळ, म्हणजे सूर्याने फेकलेला कणांचा लोट पृथ्वीवर आदळणं, खरं असतं, पण तुझ्या मोबाईलशी त्याचं काही वाकडं नाही, त्याला लांब तार लागते.

म्हणजे कसं, वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि शेकडो किलोमीटरच्या हाय टेन्शन लाइनमध्ये फुकटचा करंट येतो, तो अर्थिंगवाटे ट्रान्सफॉर्मरमध्ये घुसतो, आपला करंट एसी आणि हा पाहुणा जवळजवळ डीसी, मग आतला लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो (कोर सॅच्युरेट होतो) आणि ट्रान्सफॉर्मर गुरगुरत तापायला लागतो. 13 मार्च 1989 ला कॅनडातल्या क्युबेकमध्ये पहाटे पावणेतीनला हे झालं. दीडेक मिनिटात अख्खी ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, आडवी, 60 लाख लोक नऊ तास विजेविना, तेही तिथल्या थंडीत! तिथला खडकच असा की त्यातून करंट धड जात नाही, मग तो तारेतूनच वाट काढणार. पुढे त्यांनी लाइनवर सिरीज कपॅसिटर बसवले, त्यातून डीसी जातच नाही, आणि रिलेची, म्हणजे गडबड दिसली की लाइन तोडणाऱ्या स्विचची, सेटिंगही बदलली. तयारी म्हणायची तर ही.

आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, त्यामुळे ग्रिडला धोका कॅनडापेक्षा कमी. जीपीएसचं मात्र तसं नाही, त्याचे सिग्नल आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येतात, आणि आपल्या डोक्यावरचा हा थर आधीच चंचल आहे. मे 2024 च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवरचे ट्रॅक्टर भरकटले, आणि त्याच रात्री लडाखात हानलेला आकाश लाल झालं होतं.

गंमत म्हणजे 1859 च्या सगळ्यात मोठ्या वादळाची नोंद आपल्या मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत झालीये. माणसं डोळ्याने रीडिंग घेऊन वहीत लिहीत होती, आणि पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक) घसरलेलं दिसलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटने रीडिंग बिघडेल म्हणून 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. आपण तिथे बीचवर जाऊन फक्त भेळ खातो. आता सूर्यावर नजर ठेवणारं आपलं यान आदित्य एल-1 पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर बसलंय, त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलेली दुर्बीण आहे. वेगवान वादळ त्याच्यापाशी पोचलं की आपल्याकडे यायला अर्धा-पाऊण तास, तेवढ्यात ग्रिडवाल्यांनी लोड सांभाळायचा.

घरी मी काय केलं? गेल्या महिन्यात साध्या फॉल्टने सहा तास लाइट गेली होती, टाकी रिकामी, टॉवर गेल्याने यूपीआय बंद आणि दूधवाल्याला द्यायला सुटे नाहीत. तेव्हापासून दोन हजार रुपये सुट्या नोटांत तांदळाच्या डब्यात, चार फोन नंबर कागदावर आणि टाकी रोज रात्री फुल्ल.

आत्याचा रिप्लाय आला, "बरं. तरी मी मोबाईल हॉलमध्येच ठेवते."

ठेव बाई, झोप तरी लागेल.