शेजारचे गाशे, एतेते आणि त्यांची भिशी

वॉशिंग्टन डीसीला लागून असलेल्या सिल्व्हर स्प्रिंगला घर बघताना एजंटनं शाळा दाखवल्या, मेट्रो दाखवली, इंडियन ग्रोसरी गाडीनं किती मिनिटांवर ते सांगितलं, पण बिल्डिंगमधली निम्मी माणसं इथिओपियन आहेत हे काही सांगितलं नाही (तसं सांगणं इथं कायद्यात बसत नाही म्हणा), आणि मला विचाराल तर या घराची सगळ्यात चांगली गोष्ट तीच निघाली. डीसी, मेरीलँडचा हा पट्टा आणि नदीपलीकडं व्हर्जिनियातलं अलेक्झांड्रिया, एवढे इथिओपियन लोक त्यांच्या देशाबाहेर एका जागी फार कमी ठिकाणी सापडतील. २००४ च्या एका कायद्यामुळं डीसी सरकारच्या ऑफिसात अम्हारिक या त्यांच्या भाषेत सुद्धा कागद मिळतात, आणि ती अक्षरं पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं कुणीतरी छोटी छोटी माणसं हात वर करून उभी केलीयेत.

आमच्या समोरच्या दारात जे कुटुंब राहतं त्यांची नावं इथं लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही आणि विचारलं तर गाशे लाजतील. गाशे हे नाव नाही, मोठ्या माणसाला मानानं तसं म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला सगळी बिल्डिंग एतेते म्हणते, म्हणजे मोठी ताई, म्हणून मी पण तेच म्हणते. दोन पोरं, मोठी मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर आणि धाकटा मिडल स्कूलमधे.

ही लोकं इथं कशी आली ते एका दमात सांगते. १९७४ मधे सम्राट हाइले सेलासींना लष्करानं खाली खेचलं, मग दर्ग नावाची लष्करी राजवट आली, त्यांनी रेड टेरर करून शिकलेली तरुण पोरं वेचून मारली, आणि ज्यांना जमलं ते सुदानात पळाले, तिथून निर्वासित म्हणून अमेरिकेत, त्यासाठी इथं १९८० चा रेफ्युजी ॲक्ट होता. ती पहिली मोठी लाट. आमचे गाशे त्यातले नाहीत, ते लॉटरीवाले. १९९० च्या कायद्यातून डायव्हर्सिटी व्हिसा आला, १९९५ पासून दरवर्षी सोडतीत नंबर लागलेल्यांना ग्रीन कार्ड मिळायचं, बारावी पास असलात की अर्ज करता यायचा. अदिस अबाबात म्हणे लॉटरीचे फॉर्म भरून देणारी दुकानंच असायची, फोटो काढून मिळायचा, सगळं काम तिथंच. गाशे तिथं शाळेत भूगोल शिकवायचे. इथं आल्यावर आधी पार्किंग गराजच्या काचेच्या खोक्यात बसून तिकिटं फाडली, मग टॅक्सी. एतेते तिकडं बँकेत होत्या, इथं नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करून म्हाताऱ्या माणसांकडं घरी जाऊन काम करतात, अंघोळ घालणं, औषधं देणं, रात्रपाळी. डीसीत टॅक्सीत बसलात आणि ड्रायव्हर हळू आवाजात रेडिओवर बातम्या ऐकत असेल तर त्याला जपून विचारा पूर्वी काय करत होतात, बहुतेक वेळा उत्तर ऐकून आपणच गप्प होतो.

गाशेंना गणित शिकवणारे सर भारतीय होते. हे मला सुरुवातीला गोड योगायोग वाटला, मग कळलं की त्यांच्या पिढीच्या ज्याला त्याला एक भारतीय मास्तर होताच, सम्राटांच्या काळापासून इथिओपियाच्या शाळांतून भारतातून शिक्षक नेलेले. त्या सरांच्या छडीचा विषय निघाला की गाशे माझ्याकडं असं बघतात जणू मीच पाठवली होती. मी पण मग मलिक अंबर काढला. आपल्या लोकांना इथिओपिया म्हटलं की १९८४-८५ चा दुष्काळ आणि टीव्हीवरची ती पोरं आठवतात, अरे पण तिथला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जात जात बगदादवरून दख्खनला आला, निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना गनिमी काव्यानं दमवलं, आणि १६१० च्या सुमारास जी खडकी वसवली ती पुढं औरंगाबाद, आता संभाजीनगर. गाशेंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, तो परत गेला का कधी? म्हटलं नाही, खुलताबादला कबर आहे. त्यावर त्यांनी श्वास आत ओढून ‘हॅ’ केलं. हा त्यांचा होकार असतो हे मला कळायला वेळ लागला, आधी वाटायचं माणसाला दम लागलाय की काय.

इंजेराबद्दल सगळेच लिहितात म्हणून थोडक्यात. आंबोळीची मोठी बहीण समजा, आंबट, एका बाजूनं जाळीदार, पण तांदूळ नाही तर टेफ नावाचं खसखशीएवढं धान्य. तिकडच्या सरकारनं मधे टेफ बाहेर पाठवायला बंदी घातलेली, अमेरिकेत आयडाहोत ते त्याच्याही आधीपासून पिकतं, तरी महाग पडतं म्हणून इथं घरोघर त्यात बार्ली किंवा गव्हाचं पीठ मिसळतात आणि वर म्हणतात गावाकडची चव नाही. (ऐकल्यासारखं वाटतंय ना.) तवा म्हणून एतेतेंकडं एक गोल इलेक्ट्रिक ग्रिल आहे, १६ इंची, ती बनवलीये नॉर्वेच्या लोकांच्या लेफ्से नावाच्या बटाट्याच्या पोळीसाठी! कुणा बाईला पहिल्यांदा सुचलं देव जाणे, पण आता इथल्या कितीतरी इथिओपियन घरांत तीच.

आणि शाकाहारी मंडळींनो, बुधवारी आणि शुक्रवारी इथिओपियन हॉटेलात जा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचा तेव्हा उपास असतो, मांस नाही, दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, त्यामुळं मसूर, हरभऱ्याच्या पिठाचं शिरो, कोबी, पालेभाजी, सगळं मनापासून केलेलं मिळतं. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास ५५ दिवसांचा. त्यात दुपारपर्यंत पाणी सुद्धा न पिता एतेते रात्रपाळी करून येतात आणि पेशंटच्या घरी त्याच्यासाठी ऑम्लेट करून देतात, मी एकदा म्हटलं ऑफिसवाल्यांना सांगा ना की उपास आहे, त्या हसल्या, कुठलं ऑफिस, ऐंशी वर्षांची बाई आहे, तिला भूक लागते.

कॉफीचं मात्र जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण त्यावरून आमच्याकडं फायर अलार्म वाजलाय. हिरव्या बिया धुऊन पॅनमधे भाजायच्या, धूर यायला लागला की ते पॅन बसलेल्या प्रत्येकासमोर फिरवायचं आणि आपण हातानं तो धूर नाकाकडं ओढायचा, मग कुटून जेबेना नावाच्या मातीच्या लांब मानेच्या भांड्यात उकळायची, शेजारी ऊद जळतोय, पॉपकॉर्नची परात फिरतेय, आणि कॉफी एकदा नाही तीनदा, अबोल, तोना, बराका, त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून. पहिल्या कपानंतर उठलात तर राग येत नाही पण दुःख होतं. आता हे सगळं बंद खिडक्यांच्या, बारा मजली, छतात स्मोक डिटेक्टर असलेल्या बिल्डिंगीत करायचं! एतेतेंनी यावर उपाय काढलाय, बिया भाजताना धाकट्याला स्टुलावर उभं करायचं आणि त्यानं टॉवेलनं डिटेक्टरला वारा घालत राहायचं. तो एका हातानं वारा घालतो आणि दुसऱ्या हातात फोन.

पण मला ज्याच्याबद्दल लिहायचं होतं ते वेगळंच आहे. ती तीन कपांची कॉफी म्हणजे गप्पा आहेतच, पण तिथं हिशोब होतात. एक्कुब म्हणजे शब्दशः आपली भिशी. वीस-पंचवीस जण, दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल त्याला सगळी थैली, व्याज नाही, कागद नाही, एक वडीलधारा माणूस प्रमुख. कुणाच्या घरी अडचण असेल तर ज्याची चिठ्ठी निघाली तो आपणहून मागं होतो. गाशेंची टॅक्सी एक्कुबमधून, घराचं डाऊन पेमेंट एक्कुबमधून, खालच्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान आहे ते पण. इथं नवीन आलेल्या माणसाला क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही, आणि ही माणसं बँकेची वाट बघतच नाहीत.

दुसरी गोष्ट इद्दिर. ती मरणाची वर्गणी. कोण गेलं तर शव मायदेशी न्यायचा खर्च, दुःखाच्या घरी जेवण, बसायला खुर्च्या, सगळं इद्दिर बघतं. आणि मरणाची बातमी सांगायची त्यांची एक रीत आहे, मर्दो म्हणतात, ती मी डोळ्यांनी बघितली. एके दिवशी पहाटे, अजून अंधार होता, मी जिममधे जायला खाली उतरले तर लॉबीत पंधरा-वीस माणसं उभी, बायकांनी पांढऱ्या नेटेला अंगावर घेतलेल्या, काठ वरती मानेशी, कुणी बोलत नाही, एकानं हातात मोठा थर्मास धरलेला. मला वाटलं चर्चला निघालेत. एक ओळखीची बाई पुढं आली आणि कानात म्हणाली, एतेतेंची आई गेली, तिला अजून माहीत नाही. आदल्या दिवशी अदिसहून फोन आलेला तो गाशेंना नाही, त्यांच्या मित्राला. मग रात्रीतून सगळ्यांना निरोप गेले, शिफ्टा बदलून घेतल्या, आणि पहाटे सगळे मिळून दार वाजवणार, का तर माणसानं असली बातमी एकट्यानं ऐकायची नाही, फोनवर तर नाहीच. दार उघडल्यावर एवढी माणसं बघूनच त्यांना कळलं. मी जिमच्या कपड्यात तिथंच उभी होते, मागं जाता येईना पुढं जाता येईना, मग थर्मासवाल्यानं तो माझ्या हातात दिला आणि मी पण आत गेले.

माझे आजोबा गेले ते मला फॅमिली ग्रुपवर कळलं होतं, कामाच्या मीटिंगमधे, वर भावपूर्ण श्रद्धांजलीचं चित्र.

आता यात आपलं महाराष्ट्र मंडळ वाईट असं मी म्हणत नाहीये. गणपती छान करतात, दिवाळी अंक काढतात, नाटकं आणतात. पण आपण बहुतेक जण नोकरी हातात घेऊन विमानात बसलेलो, कंपनीचा इन्शुरन्स, कंपनीचा वकील, त्यामुळं मंडळ लागतं ते कार्यक्रमापुरतं. यांना पहिल्या दिवसापासून एकमेकांवाचून चालणारच नव्हतं. इथं आर्लिंग्टनला १९८३ मधे इथिओपियन लोकांनी आपल्या निर्वासितांसाठी एक संस्था काढली, ईसीडीसी, ती आज सगळ्या देशांच्या निर्वासितांना बसवून द्यायचं काम करते. आपल्याकडं असं काही उभं राहिलं असतं का, मला शंका आहे, तुम्ही कॉमेंटमधे भांडा.

गोड गोड चित्र पण नको. इथिओपियाच्या उत्तरेतल्या टिग्रे प्रांतातलं युद्ध २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि दोन वर्षं चाललं, टिग्रेमधले फोन, इंटरनेट बंद, इथल्या माणसांना आपले आईबाप जिवंत आहेत की नाहीत ते महिनोन्महिने कळत नव्हतं, आणि त्याच वेळी अम्हारा, टिग्रे, ओरोमो असे वंशाप्रमाणं इथं पण गट पडले. गाशेंचा तेव्हाचा एक्कुब त्यातच मोडला. पैसे बुडाले नाहीत, प्रमुखानं ज्याचे त्याचे मोजून दिले, पण दोन मित्र जे रोज विमानतळाच्या टॅक्सी लायनीत एकत्र चहा प्यायचे ते आता वेगवेगळ्या दुकानातून इंजेरा घेतात. यावर गाशे बोलत नाहीत. मी विचारलं नाही.

पोरांचं काय, तर मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरायला मी बसले होते आणि आडनावाच्या रकान्यापाशी तासभर गेला. यांच्यात आडनाव नसतं, मुलाच्या नावापुढं बापाचं नाव, त्यापुढं आजोबांचं, आणि बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. म्हणजे अमेरिकन कागदावर गाशेंचं आडनाव त्यांच्या वडिलांचं नाव, एतेतेंचं आडनाव त्यांच्या वडिलांचं, आणि पोरांचं आडनाव गाशेंचं पाळण्यातलं नाव, चार माणसांत तीन आडनावं. आर्थिक मदतीच्या ऑफिसनं आईवडील खरे कोण याचा पुरावा मागितला. मुलगी वैतागून म्हणाली मी सगळ्यांचं एकच करून टाकणार मोठी झाल्यावर. एतेते आतून ओरडल्या, अम्हारिकमधे, मला शब्द कळले नाहीत पण माझी आई पण याच पट्टीत ओरडते. मुलगी उत्तर इंग्रजीत देते. घरात हे असंच चालतं, आईबाप एका भाषेत, पोरं दुसऱ्या, रविवारी चर्चमधे दोनशेच्या वर अक्षरांची बाराखडी गिरवायला नेतात तरी. धाकट्याला मात्र ११ सप्टेंबर आवडतो, शाळेत सगळे गंभीर असतात आणि याच्या घरी नवीन वर्ष, नवे कपडे, आणि त्यांच्या कॅलेंडरप्रमाणं तो सात वर्षं मागच्या सालात जातो, म्हणून मित्रांना सांगतो मी अजून मिडल स्कूलला पोचलोच नाहीये.

तर मुद्दा असा की नवीन एक्कुब सुरू होतोय आणि गाशेंनी मला विचारलंय. नवरा म्हणतो व्याज शून्य, कागद नाही, एवढे पैसे इंडेक्स फंडात टाक. मी म्हटलं पुण्यात तुझी आई अजून सोसायटीच्या भिशीत आहे, तिला सांग जाऊन. गाशेंनी एक अट घातलीये, नवीन माणसाचा नंबर शेवटी, आधी सगळ्यांना देऊन दाखवायचं. मी हो म्हटलंय. पहिला हप्ता या रविवारी, रोख, आणि तीनही कप संपेपर्यंत उठायचं नाही.