१०८ वरचं प्रेझेंटेशन आणि एक पत्र

ग्रुप प्रेझेंटेशनला इमर्जन्सी मेडिकलमधलं करिअर घेणार असाल तर लॅपटॉप उघडायच्या आधी परवानगीचं पत्र लिहायला घ्या. एवढ्यासाठी सांगतेय की आमचा वेळ ना माहिती शोधण्यात गेला ना स्लाइड बनवण्यात, तो गेला एका सरकारी हॉस्पिटलच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर, आणि अजूनही ते आठवलं की डोकं तापतं.

आम्ही एफवायबीएस्सीचे, पाच जणांचा ग्रुप. नेटवर पॅरामेडिक टाकलं की सगळं अमेरिकेचं येतं, परीक्षा तिकडच्या, पगार डॉलरमध्ये. ते वर्गात सांगून कोणाला काय उपयोग? आपल्याकडे महाराष्ट्रात १०८, म्हणजे त्या नंबरवर फोन केला की येणारी सरकारी ॲम्ब्युलन्स, सुरू झाली २०१४ मध्ये, ९३७ गाड्या घेऊन, त्यातल्या २३३ एएलएस म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या आणि ७०४ बीएलएस म्हणजे प्राथमिक उपचारांच्या. आणि मुख्य फरक असा की बऱ्याच राज्यांत गाडीवर ईएमटी असतो, म्हणजे इमर्जन्सीचं ट्रेनिंग घेतलेला पण डॉक्टर नसलेला माणूस, आपल्या १०८ वर मात्र डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस (आयुर्वेद) नाहीतर बीएचएमएस (होमिओपॅथी). मग बारावीनंतर ज्याला हेच काम करायचंय त्याने नक्की कुठून जायचं? हे गाडीवरच्या डॉक्टरांकडूनच ऐकायचं ठरलं.

इथून पत्राचं सुरू झालं. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी पत्र सरकारी हॉस्पिटलच्या ऑफिसात नेलं, कारण १०८ ची गाडी तिथेच उभी असते. आवक-जावकच्या टेबलवरचे म्हणाले, हे अधीक्षकांच्या नावाने चालणार नाही, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने आणा. परत कॉलेज, परत सही, त्यात प्राचार्य बाहेरगावी. नवीन पत्र नेलं तर साहेब मिटिंगला. पुढच्या वेळी टेबलवर दुसरेच कोणी, ते म्हणाले विषय नीट लिहिलेला नाही, "माहिती मिळणेबाबत" म्हणजे कसली माहिती? बरं, विषय बदलला. मग म्हणे मुलाखत घेणार म्हणजे व्हिडिओ काढणार का, पेशंटचे फोटो काढणार का, असं असेल तर वरून परवानगी लागेल. आम्ही म्हटलं काका, फोटो एकही नको, फक्त पंधरा मिनिटं बोलायचंय. तर "ठेवून जा, कळवतो." कळवलं कोणीच नाही. फोन केला तर रिंग वाजत राहायची, आणि प्रत्यक्ष गेलं की आमचं पत्र फायलींमध्ये शोधण्यापासून सुरुवात. पेशंटचे नातेवाईक त्याच खिडकीवर दाखल्यांसाठी ताटकळत होते, त्यांच्यापुढे आमचं काम किरकोळ हे कळत होतं, म्हणून आम्ही आवाज चढवला नाही. पण ज्या माणसाला पहिल्याच दिवशी माहीत होतं की हे काम आमच्या ऑफिसचं नाही, त्याने ते पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? हाच माझा राग आहे, बाकी काही नाही.

कारण खरी गोष्ट शेवटी बाहेर गेटजवळ उभ्या असलेल्या पायलटकाकांनी सांगितली. पायलट म्हणजे १०८ चे ड्रायव्हर, त्यांना पायलटच म्हणतात. ते म्हणाले, "ताई, गाडी इथं उभी असते, पण आमचं वेगळं असतं, आमच्या जिल्ह्याच्या मॅनेजरना भेटा." मॅनेजरनी पत्र वाचलं, प्रश्नांची यादी मागितली आणि डॉक्टरांच्या शिफ्टची वेळ सांगून टाकली. संपलं! मला त्या गेटवरच रडू येईल असं झालं होतं.

डॉक्टर मॅडम अर्ध्या तासाहून जास्त बोलल्या. गाडीत आम्ही ऑपरेशन करत नाही, पेशंट हॉस्पिटलला पोचेपर्यंत त्याला टिकवतो, हे त्यांचं वाक्य आमच्या पहिल्या स्लाइडवर गेलं. श्वास, रक्तस्राव, मान हलू न देणं, कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं ते ठरवणं, तिथल्या डॉक्टरांना नीट हँडओव्हर देणं. बाळंतपण गाडीतच झालेलंही त्यांनी सांगितलं. मधेच कॉल आला आणि मॅडम वाक्य अर्धं सोडून पळाल्या, म्हणून महत्त्वाचे प्रश्न आधी विचारा, पगार-बिगार शेवटी.

रस्ते आम्ही असे मांडले: बीएएमएस किंवा बीएचएमएस करून गाडीवर, एमबीबीएस करून पुढे एमडी इमर्जन्सी मेडिसिन, बारावीनंतर ईएमटीचा कोर्स किंवा त्यातली डिग्री, पण मग नोकरी जास्त करून खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, त्यांच्या ॲम्ब्युलन्सवर किंवा बाहेरच्या राज्यांत. हा शेवटचा भाग स्पष्ट सांगा, नाहीतर मुलं फी भरून बसतात.

हो, पत्राचं एक राहिलं. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, नंबर, तारीख घ्याच. आम्हाला तिसऱ्या पत्राला हे सुचलं आणि त्यानंतर निदान "पत्र मिळालंच नाही" हे ऐकावं लागलं नाही.

सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याचा, डेमो जिवंत मित्राच्या छातीवर अजिबात दाबून दाखवू नका, पुतळा मिळवा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल. आमच्या रोहितने दोन मिनिटं सलग दाबून दाखवलं, घामाघूम झाला, आणि मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प बसून बघत होती.

प्रश्नोत्तरांत सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते अपघातात मदत केली तर पोलिसांच्या भानगडीत अडकतो का. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलंय, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायची सक्तीही नाही. याची स्लाइड आमच्याकडे तयार होती, आणि सरांनी ती नोटीस बोर्डवर लावायला मागून घेतली.