आमचा चातक आणि ते २३ दिवस

रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. ‘मावशी, आपला चातक अडवलाय त्यांनी.’ आवाज इतका पडलेला की आधी मला वाटलं, घरी कुणाला काही झालं. ताट तसंच ठेवून लॅपटॉप उघडला. ज्या ॲपवर आम्ही पक्ष्यांच्या नोंदी टाकतो त्याच्या तपासणाऱ्याकडून आम्हा दोघांनाही मेल आलं होतं, शब्द न् शब्द सारखं. तुमच्या १४ मेच्या यादीतली चातकाची नोंद या तारखेला असामान्य आहे, ओळख कशी पटली ते कळवा, तोवर नोंद अपुष्ट राहील. हे मेल १६ मेचं. नोंद मान्य झाली ८ जूनला. मधले २३ दिवस कसे गेले ते सांगायला बसलेय, कारण अशी नोंद अडकली की बरेच जण वैतागून ती काढूनच टाकतात. तसं करू नका, एवढ्यासाठी हे सगळं.

आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. होळी झाली की पाऊस पडेपर्यंत आम्ही मुंबई उपनगर जिल्हा वाटून घेतो. कुणी आरे, कुणी बोरिवलीचं उद्यान, कुणी पवई, कुणी गोराई-मनोरी. दिसेल ते पक्षीनोंदणीच्या ॲपवर टाकायचं आणि एकमेकांना कळवायचं. मी मुलुंडची, म्हणून ठाणे खाडीकडे जाणारा भांडुप पंपिंगचा रस्ता माझ्याकडे. फक्त थंडीत फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना चैत्र-वैशाखातली ही जागा माहीतच नसते. हिवाळाभर मातकट राखाडी दिसणारे कर्ल्यू सँडपायपर हे चिखलात चरणारे छोटे पक्षी एप्रिलमध्ये विटकरी लाल व्हायला लागतात आणि तो रंग घेऊन पार सायबेरियाच्या उत्तर टोकाकडे अंडी घालायला निघतात. एका आठवड्यात चिखल रिकामा होतो. आणि तो रिकामा होईपर्यंत खाडीवरचा वारा फिरलेला असतो, नैर्ऋत्येकडून यायला लागलेला असतो.

त्या वाऱ्याबरोबर चातक येतो. आफ्रिकेतून, अरबी समुद्र ओलांडून. दक्षिण भारतात वर्षभर राहणारे चातकही आहेत, पण आपल्याकडे जो पावसाचा निरोप्या म्हणून ओळखला जातो तो हा पाहुणा. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. आम्हाला तो दिसला १४ मेला, म्हणजे बरोबर चार आठवडे आधी. नोंद अडली ती यामुळेच.

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला भाचा त्या सुट्टीत पहिल्यांदाच दुर्बीण घेऊन माझ्याबरोबर यायला लागला होता. रस्त्याच्या डाव्या हाताला बाभळीत सातभाई पक्ष्यांचा एकच कालवा चालला होता. साप असेल म्हणून आम्ही थांबलो, तर झुडपातून एक पक्षी वर येऊन शेंड्याच्या काटकीवर बसला. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर मागे वळलेला टोकदार तुरा, लांब शेपूट. सातभाई त्याच्यावर धावून जात होते. जायचेच, तो त्यांच्या घरट्यात अंडी घालतो. जेमतेम वीस सेकंद बसला असेल. मग उडाला आणि काळ्या पंखात पांढरा ठिपका लख्ख चमकला. दूर जाऊन एकदा ओरडला, ‘पिऊ, पिऊ’. भाच्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. त्याच्या आयुष्यातला पहिला चातक. माझा किती वेळा पाहून झालाय, पण दुसऱ्याचा पहिला पक्षी आपल्याशेजारी उभं राहून पाहण्यात काही वेगळंच असतं.

फोटो एकच मिळाला, तोही उजेडाविरुद्ध. आभाळ पांढरं, पक्षी नुसता काळा, तुरा आणि शेपूट तेवढं कळतं. भाचा म्हणाला, मोबाइलवर त्याचा आवाज लावू, परत येईल, नीट फोटो काढू. मी नाही म्हटलं. विणीच्या दिवसांत आवाज लावून पक्ष्याला फसवून बोलवायचं नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढे जे झालं त्यानंतरही माझं मत तेच आहे.

घरी येऊन यादी टाकली. चातकापुढे लगेच लाल खूण आली आणि तपशिलाची चौकट उघडली. मी तिथे लिहिलं, ‘चातक. शंका नाही. दोघांनी पाहिला.’ यादी भाच्याला पाठवली आणि स्वयंपाकाला लागले.

सगळा घोळ त्या चौकटीत झाला. ती भरायला दोन मिनिटं जास्त दिली असती तर २३ दिवस वाचले असते.

मेल आल्यावर मी त्याच रात्री उत्तर दिलं, आणि रागाच्या भरात दिलं. अठरा वर्षं पक्षी बघतेय, चातक मला लांबून कळतो, अशा अर्थाचं. पाठवून दिलं. मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. पोच नाही, नकार नाही. भाचा सकाळ-संध्याकाळ विचारायचा, ‘आलं का काही?’ दहावीच्या निकालाचं टेन्शन होतंच, पण त्याने निकालाबद्दल जेवढं विचारलं नसेल तेवढं या मेलबद्दल विचारलं. त्याच्या स्वतःच्या यादीत चातक दिसत होता, पण नकाशावर आमच्या जागी टिंब नव्हतं. अपुष्ट नोंद आपल्या खात्यात राहते, पण सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशात आणि तक्त्यात जात नाही. त्याला एवढंच कळत होतं की आपल्याला खोटं ठरवलंय. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हे जिव्हारी लागतं.

यादी दुसऱ्याला पाठवताना एक लक्षात ठेवा. पाठवल्यावर ती दोघांची होते आणि एकाच फेरीची मोजणी दोनदा धरली जात नाही, हे चांगलंच आहे. पण माझं ते तीन वाक्यांचं वर्णन त्याच्या यादीतही जसंच्या तसं गेलं. आपापल्या प्रतीत आपल्याला बदल करता येतात. त्याने जे पाहिलं ते त्याच्या शब्दांत लिहायला मी सांगायला हवं होतं. दोन जणांनी वेगवेगळं लिहिलेलं वर्णन एकमेकांना धरून असलं तर ती दोन साक्षी होतात.

आमच्या गटातले एक काका स्वतः दुसऱ्या एका जिल्ह्याच्या नोंदी तपासायचं काम करतात, बिनपगारी. त्यांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे समजावलं. प्रत्येक जिल्ह्यासाठी, प्रत्येक महिन्यासाठी कुठल्या पक्ष्याचे किती आकडे सहज पटण्यासारखे आहेत त्याची चाळणी लावलेली असते. त्यात बसलं नाही की नोंद माणसाकडे जाते. हा माणूस तुमच्यावर संशय घेत नसतो. त्याने तुम्हाला पाहिलेलं नसतं, पक्षीही पाहिलेला नसतो, त्याच्यासमोर फक्त तुमचं लिखाण असतं. मग त्यांनी विचारलं, ‘तुझा फोटो बघून चेस्टनट-विंग्ड कक्कू नाही हे मी कशावरून म्हणू?’ मी गप्प झाले. त्यालाही तसाच तुरा, तशीच लांब शेपूट. रंगात पाहिला तर गोंधळ होत नाही, पंख तांबूस, गळा नारिंगी, मानेमागे पांढरी पट्टी. पण माझ्या फोटोत रंगच नव्हता. ‘पंखात पांढरा ठिपका पाहिलास?’ पाहिला होता! ‘मग लिहिलास कुठे?’

ठिपका लिहिलेला होता, पण वहीत. माझ्याबरोबर येणाऱ्याला मी एक नियम लावते: पक्षी गेला की पुस्तक किंवा फोन उघडायच्या आधी जे दिसलं ते कागदावर उतरवायचं. भाच्याने त्या दिवशी रस्त्याच्या कठड्यावर वही टेकवून पेन्सिलने पक्षी काढला होता. चित्र बेताचंच, पाय चुकलेत, डोकं जरा मोठं झालंय. पण पंखाच्या मधोमध एक गोल सोडलाय आणि त्याला बाण काढून लिहिलंय, ‘उडताना इथे पांढरं. शेपटीची टोकंपण.’ खाली, ‘गळा ते पोट पांढरं. पंख काळे, तांबडे नाहीत. आवाज पिऊ पिऊ. सातभाई मागे लागले. ७.१०.’ आठवडाभर आम्ही दोघं चरफडत होतो आणि उत्तर दप्तरात पडलं होतं.

२२ मेला मी त्या पानाचा फोटो यादीला जोडला, वर्णन नव्याने लिहिलं, किती अंतरावरून पाहिला, उजेड कुठून होता, किती सेकंद, दुसरा कुठला पक्षी असू शकला असता आणि तो का नाही. भाच्याने त्याचं वेगळं लिहिलं. आधीच्या उत्तराबद्दल दिलगिरीही कळवली. आणि पुन्हा शांतता. यावेळी १७ दिवस.

हे १७ दिवस मला अजून खुपतात. तपासणारा माणूस नोकरी सांभाळून हे करतो, मे महिन्यात त्याच्याकडे नोंदींचा ढीग असणार, सगळं मान्य. पण ‘मिळालं, बघतो’ एवढे दोन शब्द? एक मुलगा नव्याने या वाटेला लागलाय, त्याला त्या दोन शब्दांनी किती धीर आला असता. २७ मेला गोराईकडून कुणाचा तरी चातक आला, तो लगेच नकाशावर. मग आरेतून एक आला. जिल्ह्याच्या यादीत त्या वर्षीचा पहिला चातक म्हणून २७ मे झळकायला लागली. तेव्हा गटातल्या एकांनी मला प्रेमाने सुचवलं, कशाला डोकेदुखी, ती नोंद काढ आणि २८ मेची म्हणून टाक, पक्षी तर पाहिलायसच ना.

मी चिडले. पक्षी पाहिला होता, पण २८ला नाही. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या नोंदीत तारीखच काढून घेतली तर उरतं काय? २००७मध्ये आपल्याकडे मायग्रंटवॉच हा उपक्रम सुरू झाला तोच मुळी ‘पहिला कधी दिसला’ हे देशभरातल्या साध्या लोकांकडून गोळा करायला, आणि पुढे त्यात चातकाच्याही तारखा आल्या. पाऊस आणि चातक यांचं नातं खरंच किती जवळचं आहे, हे अशाच तारखा वर्षानुवर्षं साठल्या तर कळणार. त्यात माझ्या सोयीची एक खोटी तारीख? भाचा समोरच बसला होता. म्हणाला, ‘नको मावशी, राहू दे अडकलेला.’ तेव्हा मला त्याचा जो अभिमान वाटला तो सांगता येत नाही.

जागेच्या खुणेबद्दलही सांगायला हवं. काकांनी यादी उघडली तर आमची खूण खाडीच्या मध्यात पडलेली. ठाणे खाडीवर हे सारखं होतं. इकडचा काठ मुंबई उपनगर, पलीकडे ऐरोलीचा काठ ठाणे जिल्हा. खूण जरा सरकली की नोंद दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच चाळणीपुढे. शिवडीचे फ्लेमिंगो तर मुंबई शहर जिल्ह्यात मोजले जातात. यादी बंद करण्याआधी नकाशा मोठा करून खूण रस्त्यावर आहे ना ते बघा. आणि फ्लेमिंगोंपुढे आकडा टाकायचा कंटाळा करू नका. शंभर पक्षी मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यात धरायचा आणि तसे किती तुकडे बसतात ते बघायचं. एवढं पुरतं.

८ जूनला रात्री अकराला फोन वाजला. भाचा काही बोलेचना, नुसता हसत होता. मी मेल उघडलं. एकच ओळ होती, तपशील पुरेसे आहेत, चित्राचा उपयोग झाला, आभार. नकाशावर भांडुपच्या रस्त्यावर टिंब उमटलं होतं आणि जिल्ह्याच्या यादीत पहिला चातक १४ मे. दुसऱ्या दिवशी बहिणीने सांगितलं, त्याने ते पान वहीतून काढून अभ्यासाच्या टेबलावर काचेखाली ठेवलंय. मी त्याला नवी वही घेऊन दिली.

एक सांगायचं राहिलं. वहीबरोबर पेन्सिलच ठेवा, शाईचं पेन नको. जूनमध्ये त्याच रस्त्यावर आम्हाला पहिल्या सरीने गाठलं. माझं पेनाने लिहिलेलं पान पार फिसकटलं, त्याने पेन्सिलने काढलेला नवरंग पक्षी मात्र कोरडा झाल्यावर जसाच्या तसा होता.